विश्लेषण : चीनचा ‘कोंबड्याच्या रक्ताचा दगड’ एवढा महाग का? त्यात फसवणूक कशी होते?

तळहातात मावेल एवढा चौकोनी दगड, त्यावर ताज्या रक्तासारखे लाल डाग. चिनी मुद्रा कोरणाऱ्यांच्या आणि संग्राहकांच्या जगात या ‘जीश्वेशी’ला, म्हणजे कोंबड्याच्या रक्ताच्या दगडाला, मोठा मान आहे. मात्र ज्या लाल रंगासाठी पैसे मोजले जातात, तोच या दगडातील सर्वांत नाजूक भाग आहे आणि नक्कलही त्याचीच होते.

हा दगड मिळतो कुठे?

प्रामुख्याने दोन ठिकाणी. पहिले ठिकाण झेजियांग प्रांतात हांगझोऊजवळचे चांगह्वा आणि दुसरे इनर मंगोलियातील बालिन. शौशान, छिंगत्येन, चांगह्वा आणि बालिन हे मुद्रांसाठीचे चार प्रसिद्ध चिनी दगड मानले जातात. ‘रक्त’ असलेला दगड त्यांपैकी शेवटच्या दोन ठिकाणचा.

लाल रंग कशामुळे येतो?

सिनाबार या खनिजामुळे. मराठीत त्याला हिंगूळ म्हणतात. पारा आणि गंधक यांच्या संयोगातून ते तयार होते. डिकाइट, केओलिनाइट यांसारख्या मऊ मातकट खनिजांत हिंगूळ मिसळला की हा दगड बनतो. मूळ दगड मऊ असल्याने छिन्नीने अक्षरे सहज कोरता येतात. मुद्रा उमटवण्याची पारंपरिक लाल शाईही हिंगूळ आणि एरंडेल तेलापासूनच बनते.

किंमत कशावर ठरते?

लाल रंग किती ठळक आहे, किती पसरला आहे आणि खालचा दगड किती नितळ आहे, यावर. जवळजवळ संपूर्ण लाल असलेल्या दगडाला ‘दाहोंगपाव’ (मोठा लाल झगा) म्हणतात. असे नमुने फार थोडे सापडतात. अनेक दशकांच्या खाणकामानंतर चांगह्वाचा उत्तम दगड आणखी दुर्मीळ झाला आहे.

मागणी कशी वाढली?

छिंग राजवटीच्या दरबारातही या दगडाच्या मुद्रा होत्या. आधुनिक काळात मात्र एका राजनैतिक भेटीचा उल्लेख नेहमी होतो. सप्टेंबर १९७२ मध्ये चीन आणि जपानचे संबंध पूर्ववत झाले, तेव्हा चिनी पंतप्रधान चौ एन-लाय यांनी जपानचे पंतप्रधान काकुएई तानाका यांना या दगडाच्या मुद्रा दिल्याचे सांगितले जाते. मुद्रांचा वापर जिथे रोजच्या व्यवहारात होता, त्या जपानमध्ये या दगडाचे आकर्षण वाढले. पुढे चीनमध्येच श्रीमंत संग्राहकांचा वर्ग तयार झाला. २००९ मध्ये युनेस्कोने चिनी मुद्रा-कोरणीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

फसवणूक कशी होते?

साध्या दगडावर लाल रंग मिसळलेले राळेचे मिश्रण लावून वर चकाकी दिली जाते. काही वेळा अस्सल दगडाच्या पातळ चकत्या साध्या दगडाला चारही बाजूंनी चिकटवल्या जातात. नैसर्गिक हिंगूळ दगडाच्या आत शिरा, ठिपके आणि धुरकट पट्ट्यांच्या रूपात विखुरलेला असतो. नकली रंग बऱ्याचदा एकसारखा आणि पृष्ठभागापुरता असतो. मोबाइलवरील छायाचित्रात हा फरक कळणे कठीण, म्हणून ऑनलाइन खरेदीत जोखीम जास्त. तापलेली सुई टेकवून राळ ओळखण्याची युक्ती घरी करू नये. दगड खरा असेल तर तो खराब होतोच, शिवाय हिंगूळ तापल्यावर पाऱ्याची विषारी वाफ सुटू शकते.

तो हाताळणे सुरक्षित आहे का?

हिंगूळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे तयार मुद्रा हातात घेण्यात मोठा धोका मानला जात नाही. खरा धोका दगड कापताना आणि घासताना उडणाऱ्या धुळीचा. तो ग्राहकापेक्षा कारागिराच्या वाट्याला येतो.

रंग टिकतो का?

प्रखर उजेडात हिंगूळ हळूहळू काळवंडतो. त्यामुळे जाणकार अशा मुद्रा बंद डबीत, उन्हापासून दूर ठेवतात. दिखाऊ कपाटातील दिव्याखाली वर्षानुवर्षे ठेवलेला महागडा दगड रंगाबरोबर आपली किंमतही गमावू शकतो.