सूडकथेतील गैरहजर आरोपी

प्रसिद्ध व्यक्तीचा छायाचित्रकारांनी केलेला पाठलाग हा सूडकथेला सहज मानवणारा विषय आहे. पॉल अबास्कल यांच्या ‘पापाराझी’ (२००४) या अमेरिकी चित्रपटात अशा पाठलागातून अपघात घडतो, नायकाचा मुलगा बेशुद्धावस्थेत जातो आणि अभिनेता असलेला नायक छायाचित्रकारांवर सूड उगवतो. अखेरीस तो कायद्याच्या कचाट्यातून सुटतो. प्रेक्षकही समाधानाने उठतो. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या समाधानालाच आहे. कारण ती छायाचित्रे विकत घेणारा वाचक येथे आरोपी म्हणून उभाच राहत नाही.

हाइनरिश ब्योल यांच्या ‘कातारीना ब्लूमची हरवलेली अब्रू’ (१९७४) या जर्मन कादंबरिकेत मात्र बदनामी करणाऱ्या वार्ताहराला गोळी घालून नायिका स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होते. हत्या आरंभीच सांगितल्यामुळे उत्कंठा ओसरते. लक्ष जाते ते वृत्तपत्री शब्दांतील हिंसेकडे आणि नायिकेला निनावी, अश्लील पत्रे पाठविणाऱ्या वाचकांकडे.

म्हणून अशा सूडकथेचे मूल्यमापन करताना खलनायकाला शिक्षा झाली काय, यापेक्षा वाचकाला निर्दोष सोडले गेले काय, हा प्रश्न अधिक मूलगामी मानावा लागेल.