बौद्धाचार्याचे काम आणि त्याचे मोल



आपण धम्मदीक्षा घेतलीत, घरातील देव्हारा उतरविलात, आणि आता घरात दीक्षेनंतरचे पहिले लग्न निघाले आहे. तारीख ठरली, मांडव ठरला. मग प्रश्न उभा राहतो की लग्न लावणार कोण? ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करविणार नाही, अशी प्रतिज्ञा आपण बावीस प्रतिज्ञांत घेतलेली आहे. परंतु जुना भटजी नको, एवढे म्हटल्याने अर्धेच काम होते. त्याच्या जागी कोणी उभे राहावे, त्याने काय करावे आणि त्यास काय द्यावे, हे ठरविणे हे उरलेले अर्धे काम होय.

ह्या प्रश्नाशी आपल्या पूर्वसूरींनी झुंज दिलेली आहे. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने 25 डिसेंबर 1873 रोजी ब्राह्मण पुरोहितावाचून पहिला विवाह लावला. 4 मे 1955 रोजी बाबासाहेबांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापिली, आणि पुढे 'बौद्ध पूजापाठ' ही पुस्तिका सिद्ध केली. महापरिनिर्वाणाच्या अगदी आधी, डिसेंबर 1956 मध्ये, एका पत्रात त्यांनी विवाहविधी सांगितला. तो किती साधा आहे पाहा! होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये चौरंगावर पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके, त्यात सोडलेले सूत, सुताचे एक टोक वधूच्या हाती व दुसरे वराच्या, दोघांच्या अंगावर शुभ्र वस्त्रे, आणि कोणीतरी म्हटलेले मंगलसुत्त. ह्यास ना फार खर्च लागतो, ना विशिष्ट कुळात जन्मलेला माणूस.

विधी साधा असला म्हणजे तो लावणारा अडाणी चालेल, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. ज्याला पाली गाथा पाठ आहेत, पण अर्थ विचारल्यास जो खाली पाहतो, त्याच्यात आणि जुन्या भटजीत फरक काय राहिला? सिगालोवाद सुत्तात पतीची पाच आणि पत्नीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे, तिला वस्त्रालंकार देणे, ही पतीची कर्तव्ये वराने साऱ्या गावासमक्ष मराठीतून, समजून उच्चारली पाहिजेत. हे घडवून आणणे हे बौद्धाचार्याचे खरे काम. त्यासाठी महासभेचे प्रशिक्षण घ्यावे, जाणत्यांबरोबर चार लग्ने पाहावी आणि मगच उभे राहावे.

दुसरे काम कागदाचे. बौद्धांना 1955 चा हिंदू विवाह कायदा लागू आहे आणि रूढ विधीने लागलेला विवाह तो मानतो. परंतु विवाह झाला हे उद्या सिद्ध कशाने करणार? महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे विवाहाचे ज्ञापन 90 दिवसांच्या आत निबंधकाकडे द्यावयाचे असते. किल्लारीच्या लोकांना कागदाची किंमत निराळी सांगावयास नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. दगडमातीच्या भिंतींखाली घराची पेटी गेली, की पेटीतले कागदही गेले. आणि पाहिलेले साक्षीदारही गेले, तर विधवेने आपले नाते कोणास दाखवावे? म्हणून मडक्यातील सूत सुटण्यापूर्वीच नोंदणीचा अर्ज भरून घेणारा, साक्षीदारांच्या सह्या करविणारा आणि स्वतःच्या वहीत तारीख लिहून ठेवणारा बौद्धाचार्य आम्हांस हवा आहे.

तिसरे काम नकार देण्याचे, आणि ते सर्वांत अवघड. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची अडचण आम्ही जाणतो. मुलगी मागे कोणाजवळ ठेवावी, ह्या काळजीने मराठवाड्यात कोवळ्या मुली बोहल्यावर चढविल्या जातात. परंतु मुलीचे 18 आणि मुलाचे 21 वर्षे वय पुरे नसेल, तर बौद्धाचार्याने त्या मांडवात पाऊल टाकू नये. 2006 च्या कायद्याप्रमाणे असे लग्न लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेचा दाखला आधी पाहावा, पंचशील नंतर द्यावे. हुंड्याची बोलणी झालेल्या घरासही हाच न्याय लावावा.

आता मोलाविषयी. धम्मकार्यास पैसे कसले, असे पुष्कळजण म्हणतात. ऐकावयास हे गोड आहे. पण जो तरुण रोजगार बुडवून, एस. टी.चे भाडे खर्चून दुसऱ्या गावी येतो, त्यास उपाशी परत पाठविणे ही शुद्ध पिळवणूक होय. शिवाय उपाशी आचार्य नकार देऊ शकत नाही. ज्याच्या घरी ताट मोठे, त्याचा तो मिंधा होतो. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की प्रवासखर्च आणि बुडालेला रोज भरून निघेल इतके मानधन स्थानिक शाखेने उघडपणे ठरवावे, पावती द्यावी, आणि ते श्रीमंतास व गरिबास सारखे असावे. गरिबाजवळ तेवढेही नसेल, तर शाखेने आपल्या निधीतून द्यावे. मांडवात घासाघीस नको आणि दक्षिणेचे ताट नको.

तरुणांनो, ह्या कामात पाय रोवावयाचा असेल, तर अवश्य रोवा. मात्र ह्यास पोटाचा एकमेव आधार करू नका. लग्नसराई वर्षातून काही महिनेच असते. शेती, शिक्षकी, शिवणकाम असा स्वतःचा व्यवसाय हाती ठेवा, म्हणजे मान ताठ राहील. आणि ही गादी मुलाकडे वारशाने जाऊ देऊ नका. ज्या दिवशी बौद्धाचार्याचा मुलगा केवळ मुलगा म्हणून बौद्धाचार्य होईल, त्या दिवशी आपण सोडून आलेली व्यवस्था मागल्या दाराने घरात शिरलेली असेल. भगिनींनी तर हे काम आवर्जून शिकावे. कर्तव्ये वधूवर दोघांनाही सांगावयाची आहेत, तर ती सांगणारी स्त्री का नसावी?

तेव्हा घरी लग्न ठरताच तीन गोष्टी विचारा. लग्न लावणारा अर्थ सांगतो काय? वयाचा दाखला मागतो काय? नोंदणी करवितो काय? तिन्हींस होकार असेल, तर त्याचे मानधन आनंदाने द्या. आणि असा मनुष्य आपल्या गावी नसेल, तर येत्या लग्नसराईपूर्वी आपल्याच घरातील मुलगा किंवा मुलगी प्रशिक्षणास पाठवा.