दाराबाहेरचा रखवालदार, दाराआतली मावशी

संभाजीनगरातील सिडकोच्या कोणत्याही जुन्या वसाहतीत सकाळी आठच्या सुमारास फेरफटका मारावा. डब्याची पिशवी घेतलेल्या स्त्रिया एकेका घराचे फाटक उघडून आत जाताना दिसतात आणि थोड्याच वेळात रात्रपाळीच्या स्त्रिया बाहेर पडतात. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांच्या आधाराने जी नोकरदार पिढी या शहरात स्थिरावली, ती आता सत्तरी-पंच्याहत्तरीला पोहोचली आहे. मुले पुण्यात, बंगळुरूत, काही सातासमुद्रापार. घरात दोघे उरतात, पुढे एकच. मग अंथरुणाला खिळलेल्या आजींसाठी ब्युरोतून ‘मावशी’ येते, आजोबांसाठी ‘मामा’ येतात. कोणी बारा तासांसाठी, कोणी चोवीस तासांसाठी.

याच वसाहतीतील एखाद्या अपार्टमेंटच्या फाटकावर रखवालदार बसलेला असतो. त्याला पुरविणाऱ्या संस्थेला खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायदा, २००५ नुसार परवाना घ्यावा लागतो. रखवालदाराच्या चारित्र्याची पडताळणी आणि त्याचे प्रशिक्षणही त्याच कायद्याने बंधनकारक केले आहे. अंमलबजावणी कशी होते हा निराळा प्रश्न; पण नियम आहे. फाटकाच्या आत, बंद खोलीत, स्वतःच्या हाताने पाण्याचा पेलाही उचलू न शकणाऱ्या वृद्धेला जी स्त्री अंघोळ घालते, इन्सुलिन टोचते, नाकातील नळीवाटे अन्न भरविते, तिला पाठविणाऱ्या ब्युरोसाठी मात्र असा स्वतंत्र परवान्याचा कायदा नाही. मोटारींची राखण करणाऱ्याची चौकशी होते आणि जन्मदात्यांची शुश्रूषा करणारीची होत नाही, ही विसंगती कोणाला फारशी खटकतही नाही.

कायदा करण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नव्हे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ मध्ये आला. निर्वाहाची रक्कम, वृद्धाश्रम, मालमत्तेचे हस्तांतरण यांवर त्याने तरतुदी केल्या. घरपोच शुश्रूषेबद्दल मात्र तो मौन बाळगतो. ती उणीव भरून काढण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले गेले. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि सेवेचे किमान निकष त्यात होते. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले. त्यासाठी कोठे मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही.

ही उदासीनता समजून घ्यायची, तर मध्यमवर्गीय घरात डोकवावे लागते. आपल्या कुटुंबव्यवस्थेचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्या अभिमानापोटीच आईसाठी पगारी बाई ठेवली, हे सांगताना मुलाचा आवाज खाली येतो. नातेवाइकांत विषय निघाला की तो बदलला जातो. ज्या गोष्टीचा संकोच वाटतो, तिची चौकशी माणूस करीत नाही. पैसे पाठवितो आणि ‘सगळे व्यवस्थित आहे’ या उत्तरावर समाधान मानतो. तक्रार आईने करावी, तर तिला वेगळीच धास्ती असते. ही मावशी गेली तर दुसरी मिळेपर्यंत काय? आणि रात्री बारानंतर आपण हिच्याच हातात आहोत.

यावर अलीकडचा उपाय म्हणजे कॅमेरा. परदेशातून मोबाइलवर आईची खोली दिसते. त्याने चोरीमारीला थोडा वचक बसतो, हे मान्य. पण डायपर ओला आहे की कोरडा, ताटातले वरण पोटात गेले की मोरीत, हे कॅमेरा सांगत नाही. शिवाय वस्त्रे बदलताना आपल्यावर डोळा रोखलेला आहे, हे त्या वृद्धेला कसे वाटत असेल, याचा विचार कोणी करावा?

कागदावरील तपासणीचीही तीच गत. जर्मनीने २००९ मध्ये शुश्रूषा संस्थांना शाळेसारखे गुण देण्यास आरंभ केला. बहुतेक साऱ्याच ‘उत्तम’ श्रेणीत उत्तीर्ण झाल्या, कारण तपासणीचा भर नोंदवह्या नीट भरल्या आहेत की नाहीत, यावर होता. अखेर २०१९ मध्ये वृद्धाश्रमांपुरती तरी ती पद्धत बदलावी लागली आणि प्रत्यक्ष वृद्धांची अवस्था पाहण्यावर भर द्यावा लागला. इतका खर्च करून त्या देशाला जे उमगले, ते आपल्याकडील जुन्या सुईणी आणि आज्या जाणून होत्या: शुश्रूषा कशी चालली आहे, हे रोग्याच्या अंगावर वाचता येते.

माकडहाड आणि टाचा पाहाव्यात. तेथे लाली दिसली आणि बोटाने दाबूनही ती फिकी पडत नसेल, तर दर दोन तासांनी कूस बदलली जात नाही, असा संशय घेण्यास जागा आहे. हीच शय्याव्रणाची पहिली खूण. जखम उघडी पडल्यावर ती महिनोन्‌महिने भरत नाही. महिन्याला वजन नोंदवावे. जीभ कोरडी आहे का, नखे वाढली आहेत का, तोंडाला वास येतो का, हे पाहण्यास डॉक्टर लागत नाही. गोळ्यांची पाकिटे मोजावीत. झोपेची गोळी नियमापेक्षा लवकर संपत असेल आणि आजी दिवसभर गुंगीत असतील, तर त्या ‘शांत’ झालेल्या नाहीत, त्यांना शांत केले जात आहे. आणि हे सर्व रविवारी दुपारी, आगाऊ कळवून पाहू नये. रात्री साडेनऊला जावे, मावशी बाहेर असताना आजींजवळ दहा मिनिटे बसावे.

तपासणीची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. चोवीस तासांची ड्युटी करणारी मावशी झोपते केव्हा आणि कोठे? तिला घरातले जेवण मिळते की डबा? ब्युरो तिच्या नावाने घेतलेल्या रकमेतून तिच्या हाती किती ठेवतो, हे किती मुले विचारतात? सलग तीन रात्री जागलेल्या बाईच्या हातून इन्सुलिनची मात्रा चुकली, तर तो दोष तिच्या एकटीचा नव्हे. ‘होम हेल्थ एड’, ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ असे शासनमान्य कौशल्य अभ्यासक्रम आज उपलब्ध आहेत. पण प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित बाईच्या मोबदल्यात फरकच पडणार नसेल, तर वस्तीतल्या मुलीने ते शिकावेत कशासाठी?

कायदा होईल तेव्हा होवो. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन २०२१ पासून देशभर आहे. पण ती संकटात हाक मारण्यासाठी. नित्याची देखरेख शेजारीच करू शकतो. संभाजीनगरात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. १९८९ मध्ये सुरू झालेले आणि सेवावस्त्यांपर्यंत पोहोचलेले डॉ. हेडगेवार रुग्णालयासारखे सेवाकार्य येथे उभे आहे. निवृत्त परिचारिका आणि शिक्षिका तर प्रत्येक वसाहतीत आहेत. अशा दोघी-तिघींनी आपल्या गल्लीतील चार घरे वाटून घेतली, पंधरा दिवसांतून एकदा न सांगता जाऊन पाठ आणि टाचा पाहिल्या, मावशीशीही दोन शब्द बोलल्या आणि पाहिलेले जसेच्या तसे मुलाला फोनवर सांगितले, तर त्यास कोणाच्या परवान्याची आवश्यकता नाही. मुलाने मात्र त्यांना आधी घराची किल्ली आणि अधिकार, दोन्ही दिले पाहिजेत.