खड्डा पाहू नका, वाट पाहा

मुंबई-गोवा महामार्ग लांज्यातूनच जातो. मुलाला शाळेत सोडायचं असो, बाजारहाट असो की नोकरी, स्कूटर काढली की ट्रकांची सोबत ठरलेलीच. त्यात रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस! घरातून निघताना सगळे म्हणतात, "सांभाळून जा गं." पण सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

पहिली गोष्ट नजरेची. जिकडे नजर, तिकडे चाक. खड्ड्याकडे टक लावून पाहिलं की गाडी बरोबर त्यातच जाते. खड्डा दिसला की नजर त्याच्या बाजूच्या चांगल्या रस्त्यावर ठेवा.

दुसरी ब्रेकची. वेग अडथळ्याच्या आधी कमी करा, अडथळ्यावर नव्हे. हँडल सरळ असताना दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. खडीवर किंवा पहिल्या पावसाच्या तेलकट डांबरावर, वळताना पुढचा ब्रेक करकचून दाबलात की चाक घसरलंच म्हणून समजा. खड्डा चुकवणं शक्यच नसेल, तर त्याआधीच वेग कमी करून ब्रेक सोडा, हँडल घट्ट पण कोपर सैल ठेवा. मागे न पाहता एकदम बाजूला वळण्यापेक्षा हे बरं.

समोरून एस.टी. आली की आपण साइडपट्टीवर उतरतो. परत येताना चाक डांबराच्या कडेला घासत वर चढवू नका. जवळजवळ थांबा, मागे पाहा, चाक कडेकडे चांगलं वळवा, मगच वर घ्या. वाडीतल्या सावलीच्या रस्त्यावर शेवाळ असेल, तर ब्रेकही नको नि वळणही नको. सरळ, सावकाश जा. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक एकदोनदा हलके दाबून लागतात ना, ते पाहून घ्या.

आता पदराचं. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणारीचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून संरक्षक जाळी लागते. ती कुणालाही काढू देऊ नका. पदर खोचा, ओढणीला मागे गाठ मारा. हेल्मेट तुम्हाला हवंच. चार वर्षांवरच्या मुलालाही कायद्यानं ते सक्तीचं आहे.

रविवारी शाळेचं मैदान मोकळं असतं. दोन विटा ठेवा आणि त्यांच्या अलीकडे गाडी सरळ थांबवायचा सराव करा. मागे मूल बसवण्याआधी एवढं हाताला यायलाच हवं.