जुना डबा, खोटे वय

मुंबईच्या चोर बाजारात तेलाचे जुने डबे आणि पेट्रोल पंपाच्या इनॅमलच्या पाट्या हौशी गिऱ्हाइके शोधत येतात. काही दुकानदार सरसकट 'शंभर वर्षांचे अँटिक' म्हणून भाव सांगतात. आमच्या मते, हा धंदा बुडवण्याचा मार्ग आहे.

मालाचे वय मालच सांगतो. बर्मा-शेल कंपनी हिंदुस्थानात १९२८ साली निघाली आणि १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. म्हणजे त्या नावाचा डबा २०२८ पूर्वी शंभरी गाठूच शकत नाही, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने अशा वस्तूला शंभर वर्षे लागतात. एस्सोचा इथला कारभार १९७४ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियमकडे गेला. डब्यावर गॅलन आहे की लिटर, हे पाहावे. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर माल ऑगस्ट १९७२ नंतरचा समजावा. पाटी असेल तर स्क्रूच्या भोकांभोवतीचे इनॅमल तपासावे. वर्षानुवर्षे भिंतीवर राहिलेली पाटी तिथे सहसा कोरी राहत नाही.

नक्कल विकणे गुन्हा नाही, पण ती नक्कल म्हणूनच विकावी. पॉवरलूमचे कापड हातमागाचे म्हणून खपवणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकत नाही, हे आम्ही कापडवाले जाणतो. मालातला ऐब लपवणे आपल्या दीनमध्ये नाजायज आहे. व्यापारी बंधूंनी पावतीवर 'मूळ' किंवा 'नक्कल' स्पष्ट लिहावे. भाव थोडा कमी मिळेल, पण रोजीत बरकत राहील.