गाणे गाडीत, गोंगाट गावात

नव्या मोटारीतील कारखान्याचे स्पीकर काढून बाजारातील उंची स्पीकर बसविण्याची हौस गोव्यात वाढत आहे. या हौसेला आमचा विरोध नाही. किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी कारखानदार पुष्कळदा कागदी पडद्याचे, लहान चुंबकाचे स्पीकर देतात; त्यांतून तंबोऱ्याची आस नीट उमटत नाही. फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती भैरवी गोमंतकीयाला आपल्या गाडीत स्वच्छ ऐकावीशी वाटली, तर त्यात गैर ते काय?

मात्र दाराच्या पत्र्याची थरथर आवरणारे अस्तर न लावता नुसता आवाज चढविला, तर सुराऐवजी खडखडाटच पदरी पडतो. आणि तो गाडीपुरता राहत नाही. मध्यरात्री वाड्यावरून दणदणत जाणारी गाडी आजारी म्हाताऱ्यांची नि तान्ह्या मुलांची झोप मोडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पोलिसांनी ती पाळायला लावावी, हे खरेच. परंतु ज्याला सुराची जाण आहे, त्याला शेजाऱ्याच्या झोपेचीही असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.