मोडलेलें धनुष्य

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या वेळीं हस्तकौशल्याचें जें प्रदर्शन भरलें, त्यांत नववीच्या मुलांनीं स्वतः तासलेलीं चार लांकडी धनुष्यें मांडलेलीं होतीं. पालकांनीं तीं हातांत घेऊन पाहिलीं, मुलांची पाठ थोपटली, आणि परीक्षकांनीं त्यांपैकीं एकास बक्षीसहि दिलें. परंतु हें काम करावयास बसलीं होतीं पांच मुलें. पांचव्याचें धनुष्य प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळीं, मुठीपासून वीतभर अंतरावर, काडकन् मोडलें. त्यानें तीं दोन्ही शकलें वर्तमानपत्रांत गुंडाळून कपाटामागें लपविलीं, आणि दुसरे दिवशीं तो प्रदर्शनाकडे फिरकलाहि नाहीं. त्याचे वडील पुढें मला भेटले, तेव्हां सौजन्यानेंच पण स्पष्टपणें म्हणाले, "गुरुजी, चार महिन्यांचे शनिवार खर्ची पडले, आणि हातीं काय आलें? जळण!"

त्यांच्या ह्या प्रश्नास मीं त्या वेळीं नीट उत्तर दिलें नाहीं. तें येथें द्यावें आणि त्याजबरोबर एक सूचनाहि पुढें मांडावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें काम असतें तरी कसें, तें सांगणें अवश्य आहे; कारण वांकविलेली काठी आणि तिला बांधलेली दोरी म्हणजे धनुष्य, असाच पुष्कळांचा समज असतो. आपल्या देशांत धनुष्यासाठीं नाना द्रव्यें वापरीत आले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ताड, बांबू, लांकूड व शिंग अशा चार द्रव्यांच्या धनुष्यांचा उल्लेख आहे. सातपुड्यांतील भिल्ल लोक बांबूचा कामठा करून त्याला दोरीहि बांबूच्याच सालीची लावीत आले आहेत. आमच्या मुलांनीं धामण ह्या झाडाचें लांकूड घेतलें. सह्याद्रीच्या रानांत मिळणारें हें लांकूड चिवट व लवचीक असून हत्यारांच्या दांड्यांना तें फार चांगलें समजतात. संस्कृतांत ह्या झाडाचें नांवच मुळीं धन्वन असें आहे. लांकूड उभें फाडून, टोकांना मेण लावून, सावलींत पुरतें सुकवावें लागतें. धनुष्याची जी बाजू लक्ष्याकडे असते ती त्याची पाठ, व जी धनुर्धराकडे असते तें त्याचें पोट. दोरी ओढली कीं पाठ ताणली जाते आणि पोट दाबलें जातें. पाठीवरचे तंतु तुटलेले असतील तर चीर तेथूनच सुरू होते; म्हणून एकदां पाठ साफ झाली कीं तिला पुन्हां हत्यार लावावयाचें नाहीं, पुढील सारें काम पोटाच्या बाजूनें करावयाचें, हा पहिला नियम.

ढोबळ आकार आला म्हणजे खऱ्या कामास आरंभ होतो. इंग्रज कारागीर त्यास ‘टिलरिंग’ म्हणतात. आम्ही त्यास ‘वांक साधणें’ म्हणत असूं. एका उभ्या दांड्याच्या माथ्यावर धनुष्याची मूठ बसवावयाची, सैल दोरी लावून ती थोडीशी खालीं ओढावयाची, दांड्याच्या खांचेंत अडकवावयाची, आणि चार पावलें मागें सरून नुसतें पाहावयाचें. दोन्ही बाहू सारखे वांकतात काय? कोठें एखादी जागा सरळच राहिली आहे काय? जेथें ताठपणा दिसेल तेथें पेन्सिलीनें खूण करावयाची, दोरी उतरवावयाची, आणि तेवढ्याच जागीं पोटावरून थोडेंसें खरवडावयाचें. मग वीस-तीस वेळां दोरी हळूहळू ओढून तशीच हळूहळू परत न्यावयाची. कारण काढलेल्या लांकडाचा परिणाम एकदम पुरता दिसत नाहीं. मग पुन्हां पाहावयाचें. एका शनिवारीं असे फार तर आठ-दहा फेरे होत, आणि सायंकाळीं झाडून काढलेला कीस एका ओंजळींत मावे.

ह्यांत गणितहि आहे. काठीचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणांत बदलतो, परंतु जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणांत बदलतो. एखाद्या जागीं जाडीचा दहावा हिस्सा काढला, तर तेथील ताठपणा दहाव्या हिश्शानें नव्हे, तर सुमारें शेंकडा २७ नें कमी होतो. जाडी निम्मी केली, तर ताठपणा एक-अष्टमांश उरतो. फळ्यावर ज्यांना घन कांहीं केल्या उमगत नव्हता, त्यांपैकीं दोघांना तो कानस चालवितांना उमगला.

दुसरा नियम ह्याहून कठीण. धनुष्य जितक्या जोराचें करावयाचें, त्याहून अधिक जोर वांक साधतांना कधींहि लावावयाचा नाहीं. ३० पौंडांचें करावयाचें असेल, तर ताणकांट्यांत ३० दिसतांच थांबावें. मग दोरी दहाच इंच खालीं आलेली असो. आणि एखाद्या जागीं लांकूड जास्त निघून तेथेंच बिजागरीसारखा वांक पडूं लागला, तर? काढलेलें लांकूड परत बसवितां येत नाहीं. त्या जागेला मुळींच हात न लावतां तिच्या दोन्ही अंगांना आणि समोरच्या बाहूला थोडें थोडें खरवडीत जावें, एवढाच उपाय. ३० पौंडांचें धनुष्य मग २० पौंडांचें होतें, परंतु अखंड राहतें.

त्या मुलाच्या धनुष्याच्या खालच्या बाहूवर अशीच बिजागरी पडूं लागली होती. उपाय त्याला माहीत होता. परंतु त्यास आणखी दोन शनिवार लागले असते, आणि प्रदर्शन तर दुसऱ्याच दिवशीं होतें. शिवाय इतरांचीं धनुष्यें ३० पौंडांचीं झालीं असतां आपलें २० चें मांडावयाचें, हें त्याच्या जिवावर आलें. त्यानें दोरी पुरी ओढली. ती तारीख मीं ठरविली होती, आणि ३० हा आंकडाहि फळ्यावर मींच लिहिला होता, हें मला येथें कबूल केलें पाहिजे.

आठवड्यानंतर मीं त्याला एकट्याला बोलावून तीं शकलें आणावयास सांगितलें. त्यानें तीं बाकावर ठेविलीं, आणि मीं कांहीं विचारण्यापूर्वींच पोटावरच्या बारीक आडव्या रेषा बोटानें दाखविल्या. दाबानें तंतु चुरले म्हणजे अशा रेषा उमटतात. "ह्या मला दोन दिवस आधींच दिसल्या होत्या, सर," तो म्हणाला. ज्या चौघांचीं धनुष्यें शाबूत राहिलीं, त्यांपैकीं दोघांनीं मात्र मला प्रामाणिकपणें सांगितलें कीं, आपलें कां मोडलें नाहीं हें आपणांस ठाऊक नाहीं.

आतां पालकांनींच विचार करावा कीं, ह्या कामापासून अधिक कोण शिकला? जळण तर हातीं आलेंच. परंतु आपली चूक कोठें झाली, केव्हां दिसली, आणि दिसली असूनहि आपण कां थांबलों नाहीं, हें ज्याला बोट ठेवून दाखवितां येतें, त्याचे चार महिने फुकट गेले असें मला म्हणवत नाहीं.

अपुऱ्या कामाची आपल्याला इतकी लाज कां वाटावी? १९९१ सालीं आल्प्स पर्वतांत, इटली व ऑस्ट्रिया ह्यांच्या सीमेजवळ, सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याचा देह बर्फांत सांपडला. त्याजवळ यू नांवाच्या झाडाचें, जवळजवळ सहा फूट लांबीचें धनुष्य होतें, आणि तें अपुरें होतें. त्यावर तासल्याच्या खुणा तशाच आहेत. त्याच्या भात्यांतील चौदा बाणांपैकीं दोनच तयार होते. आज जगांतले विद्वान त्या अपुऱ्या लांकडाचा अभ्यास करितात, कारण काम कसें चालत असे हें त्यावरूनच कळतें. १५४५ सालीं ‘टॉक्सोफिलस’ हें धनुर्विद्येवरील इंग्रजी पुस्तक लिहिणारा रॉजर ॲस्कम हा केंब्रिजचा अध्यापक होता. पुढें तो राजकन्या एलिझाबेथ हिचा शिक्षक झाला. नवें धनुष्य घेतलें म्हणजे तें मैदानांत वापरून पाहावें, कोठें अधिक वांकतें तें हेरावें, आणि मग चांगल्या कारागिराकडून पुन्हां तासवून घ्यावें, असा त्याचा सल्ला आहे. विकत आणलेलें धनुष्यहि त्याच्या मतें पुरें झालेलें नसे.

ह्यावर कांहीं आक्षेप येतील. २०२३ सालीं बर्लिन येथें साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हीं दोघेंहि कंपाउंड धनुष्याच्या स्पर्धेंत जगज्जेतीं ठरलीं. तेव्हांपासून कांहीं पालक मला विचारतात कीं, मुलाला तयार धनुष्यच कां घेऊन देऊं नये? अवश्य द्यावें. ज्याला नेम शिकावयाचा आहे त्याला तेंच योग्य. लांकडी धनुष्यानें तशा स्पर्धा जिंकतां यावयाच्या नाहींत. परंतु नेम शिकणें आणि वांक साधणें हीं दोन निरनिराळीं शिक्षणें आहेत, व दुसरें दुकानांत मिळत नाहीं. धोक्याचें म्हणाल, तर आमच्याकडे बाण बोथट असतात, धनुष्याच्या समोर कोणास उभें राहूं देत नाहींत, आणि बाण न लावतां ओढलेली दोरी सोडण्यास सक्त मनाई आहे, कारण त्या धक्क्यानें धनुष्यच फुटूं शकतें. वेळेचा आक्षेप मात्र खरा आहे. दहावीच्या वर्षीं हें काम मी कोणासहि देणार नाहीं.

आतां माझी सूचना. पुढील प्रदर्शनांत एक फळी मोडलेल्या व अपुऱ्या कामांसाठीं राखून ठेवावी. प्रत्येक वस्तूजवळ तिच्या कर्त्यानें स्वतःच्या अक्षरांत तीन ओळी लिहाव्या: काय मोडलें, कोठें मोडलें, आणि कां मोडलें. परीक्षकांनीं त्या ओळींना, तयार वस्तूंना देतात तसेच, गुण द्यावे. आणि धनुष्यासारख्या कामाला प्रदर्शनाची तारीख लावूं नये. ज्याचें होईल तें मांडावें, ज्याचें राहील तें पुढील वर्षीं मांडावें. पालकांस माझी विनंति एवढीच कीं, त्या फळीपुढें उभे राहाल तेव्हां ‘कोणाचें मोडलें?’ असें न विचारतां, त्या तीन ओळी वाचून पाहाव्या.

मे महिन्यांत तो मुलगा धामणीचा दुसरा तुकडा घेऊन आला. टोकांना मेण लावून तो आम्ही माळ्यावर ठेविला आहे; तो सुकावयास अजून वेळ आहे. पहिल्या धनुष्याचीं शकलें सध्यां माझ्या मेजाच्या खणांत आहेत. तीं फळीवर मांडावीं कीं नाहीं, हें त्याचें त्यानें ठरवावयाचें आहे. मीं त्याला विचारलें असतां तो म्हणाला, "आधीं तीन ओळी लिहून पाहतों, सर."

— एक शिक्षक